नामांकनाची कागदपत्रे: सुरुवात अनुभवपत्रापासून करा

कायम वास्तव्यासाठी कॅनडातील एखाद्या प्रांताचे नामांकन मिळाले की एक्सप्रेस एन्ट्रीत (कुशल अर्जदारांना गुणांनुसार निवडणाऱ्या तेथील केंद्रीय व्यवस्थेत) 600 गुण वाढतात, म्हणून नवे अर्जदार गुणच मोजत बसतात. तुम्ही मात्र आजच जुन्या कंपन्यांकडे अनुभवपत्र मागावे, कारण अर्ज करण्याचे निमंत्रण आल्यावर मुदत थोडी उरते आणि तेथील एचआरला तुमची घाई नसते. आपल्याकडचे चार ओळींचे रिलीव्हिंग लेटर पुरत नाही. लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची व नोकरी सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वेतन आणि प्रत्यक्ष केलेली कामे हवीत. ती कामे एनओसीच्या (कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणाच्या) वर्णनातून जशीच्या तशी उतरवू नका. कंपनीने नकारच दिला, तर पगारपत्रके, फॉर्म 16 आणि कारण सांगणारे पत्र जोडावे.

दुसरा घोळ नावाचा. लग्नाआधी वडिलांचे आणि नंतर पतीचे नाव लागल्याने पदवी व पासपोर्ट जुळत नाहीत (आमच्या घरी हेच झाले), तेव्हा विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. मराठी जन्मदाखल्याचा इंग्रजी अनुवाद मूळ प्रतीसह द्यावा, पण तो नातेवाइकाकडून करून घेऊ नये. भाषाचाचणीचा निकाल 2 वर्षेच ग्राह्य धरतात. त्याची तारीखही पाहून घ्या.