जेट बदलण्याआधी सील पाहा

वाचकांचे प्रश्न : जुनी दुचाकी

या वेळी येझदी आणि जावा यांच्याविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. राजदूत किंवा आरएक्स हंड्रेड बाळगणाऱ्या वाचकांनी राग मानू नये, कारण खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला लागू पडतात.

प्रश्न : माझ्या वडिलांची १९७८ सालची येझदी अकरा वर्षे वाड्याच्या जिन्याखाली उभी होती. गेल्या वर्षी ती बाहेर काढून बोअर-पिस्टन नवे केले, कार्बोरेटर साफ केला, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग बदलले, रंगही दिला. थंड असताना गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. मात्र चार-पाच किलोमीटर गेल्यावर सिग्नलला थांबलो की रेस आपोआप वाढते आणि लवकर उतरत नाही. शिवाय मागचा पांढरा धूर थांबत नाही. आमचे मिस्त्री मेन जेट मोठा करायला सांगतात. करावा का? (एक वाचक, पुणे ३०)

उत्तर : करू नये. मेन जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य छिद्राचा, खरा अंमल थ्रॉटल तीन-चतुर्थांशाहून अधिक उघडल्यावर सुरू होतो आणि आपली तक्रार थ्रॉटल मिटलेला असतानाची आहे, तेव्हा त्या जेटचा या दुखण्याशी संबंध नाही. न उतरणारी रेस आणि न थांबणारा धूर या दोन लक्षणांवरून माझा पहिला संशय क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, दोन टोकांना असलेल्या ऑइल सीलवर (हवा आणि तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर) जातो. बोअर-पिस्टनच्या कामात सिलिंडर उतरवून पुन्हा बसवला जातो, पण सीलला हात लावायचे कारण पडत नाही, आणि अकरा वर्षे कोरडे पडलेले रबर दगडासारखे होते.

फोर-स्ट्रोक गाडीत क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, तेल सांभाळते. टू-स्ट्रोकमध्ये ती पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना तिच्यात पोकळी होऊन कार्बोरेटरमधून पेट्रोल आणि हवा ओढली जाते, पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या पोर्टमधून सिलिंडरमध्ये चढते. या पंपाला भोक पडले की कार्बोरेटर कितीही चांगला असला तरी त्याचा हिशेब चुकतो. येझदीत उजव्या अंगाला डायनामो आणि पॉइंट (उघडताना प्लगला ठिणगी पाडणारे संपर्क) असतात, डाव्या अंगाला प्रायमरी चेन आणि क्लच. उजवे सील गेले की त्या बाजूने फुकटची हवा आत येते, मिश्रण लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापते आणि रेस चढून बसते. डावे सील गेले की तीच पोकळी गिअरबॉक्सचे तेल ओढून घेते आणि ते जळून पांढरा धूर होतो. आपल्या गाडीत दोन्ही लक्षणे आहेत, म्हणून दोन्ही सील बदलण्याची तयारी ठेवा.

तरीही माझ्या शब्दावर इंजिन उघडू नका, आधी खात्री करून घ्या. गिअरबॉक्सचे तेल मोजून भरा, शंभर किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा मोजा. जमिनीवर थेंबही न गळता तेल कमी झाले असेल तर ते इंजिनाने प्यायले आहे. कार्बोरेटर जिथे सिलिंडरला जोडला जातो त्या पॅकिंगवर, इंजिन आयडलला असताना, पाण्याची बारीक फवारणी करा. रेस बदलली तर हवा तिथूनही शिरते आहे. या कामासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रे वापरण्याचा मोह टाळावा, कारण वीतभर अंतरावर पॉइंटची ठिणगी उडत असते.

सर्वांत विश्वासाची परीक्षा दाबाची आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. मी घरातले रक्तदाब मोजण्याचे जुने, घड्याळवाले यंत्र वापरतो. पिस्टन अगदी खाली आणायचा, दोन्ही सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून त्यांची तोंडे रबरी बुचांनी बंद करायची, प्लग जागेवर घट्ट ठेवायचा आणि एका एक्झॉस्टच्या बुचातून नळी घालून फुगा दाबत काटा २५० वर न्यायचा. निरोगी इंजिनात तो काटा मिनिटभर जेमतेम हलतो. आमच्या अंगणातल्या एका जावाचा काटा पाच सेकंदांत शून्यावर आला होता. डायनामोमागे साबणाचा फेस लावताच मोठाले बुडबुडे आले आणि गिअर ऑइल भरण्याच्या भोकाशी कान नेला तेव्हा आतून बुडबुड आवाज ऐकू आला. त्या गाडीच्या मालकाने त्याआधी चार जेट विकत घेतले होते.

सील नाना पेठेत मिळतील, पण घेताना घाई करू नका. मी एकदा दुकानदाराने ओरिजिनल म्हणून दिलेली जोडी डोळे मिटून घेतली आणि तीनशे किलोमीटरांत पुन्हा सगळे उघडायची वेळ आली. तेव्हापासून मी सीलची आतली कड अंगठ्याने दुमडून पाहतो. ती मऊपणे वळून लगेच जागेवर आली पाहिजे आणि तिच्यामागची बारीक स्प्रिंग सर्व बाजूंनी सारखी बसलेली दिसली पाहिजे. सील बसवण्याआधी क्रँकचे टोक हाताने वर-खाली हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग बदलल्याशिवाय नवे सील टिकणार नाही. त्याच खेळामुळे पॉइंटचे अंतर दर फेऱ्याला थोडे बदलते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कितीही जुळवले तरी गाडी मिसिंग मारत राहते.

हे झाल्यावर टायमिंग घ्या आणि कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावा. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना अंतर ०.४ मिलिमीटर ठेवावे आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी ३ ते ३.५ मिलिमीटरवर पॉइंट उघडू लागावेत. अंदाजाने ‘कानावर’ टायमिंग लावणारे जुने मिस्त्री पुण्यात अजून आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण डायल गेज लावून पाहिल्यावर त्यांतल्या काहींचा कान मिलिमीटरभर पुढे निघतो.

कार्बोरेटरसाठी मुठीवर कागदी चिकटपट्टीची एक रेघ आणि शेजारच्या स्थिर भागावर थ्रॉटल मिटलेला, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा पाच खुणा करा. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहा. अगदी सुरुवातीला आयडल जेट आणि हवेचा स्क्रू, पावपर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण नीडल आणि त्यापुढे मेन जेट अशी कामाची वाटणी असते. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाऊन मिश्रण रिच होते, म्हणजे पेट्रोल वाढते. एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा फेरी मारावी. सकाळी सहाची थंड हवा आणि दुपारी दोनचे ऊन यांत गाडी वेगळी वागते, आणि त्या फरकालाच आपण सुधारणा समजून बसतो.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ही बाबही लक्षात घ्यावी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ भाग पुरतात. म्हणजे १९७८ साली बरोबर असलेला जेट आज थोडा लीन पडतो. तेव्हा आपल्या मिस्त्रींचा सल्ला सर्वस्वी चूक नाही, त्याची वेळ चुकली आहे. सील बदलून, टायमिंग घेऊन, कात्रजच्या चढावर पूर्ण थ्रॉटलला गाडी दम टाकते असे दिसले, तर मेन जेट एक नंबर मोठा करून पाहायला माझी हरकत नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला फुगवते, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे.

रंग आधी दिलात हे मात्र घाईचे झाले. आता पाने-पकडी फिरणार आहेत, तेव्हा टाकी उतरवून घरात, दाराआड ठेवा.

प्रश्न : मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाताना माझी जावा उतारावर अचानक जाम झाली आणि मागचे चाक घसरले. गाडी जोरात चालवली नव्हती, थ्रॉटल तर पूर्ण बंद होता. मग पिस्टन कसा पकडला? (एक वाचक, पौड रस्ता)

उत्तर : थ्रॉटल बंद होता म्हणूनच. या इंजिनाला स्वतंत्र तेलपंप नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेल हेच त्याचे वंगण. लांब उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल मिटून गाडी सोडली की चाके इंजिनाला जोरात फिरवतात, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही आणि पेट्रोलबरोबर तेलही जात नाही. मिनिटभरात सिलिंडर कोरडा पडतो. चार-दोन वळणांनी क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडावा, म्हणजे इंजिनाला घोटभर तेल मिळते. वेग ब्रेकने आवरावा, आणि त्यासाठी घाटाआधी ब्रेक शू पाहून घ्यावेत. गाडी जाम होते आहे असे वाटताच पहिल्या क्षणी क्लच दाबायचा, ही सवय डाव्या हाताला लागलीच पाहिजे.

मी लिटरला ४० मिलिलिटर तेल घालतो. अर्धी बाटली टाकीत ओतून गाडी हलवण्यापेक्षा वेगळ्या डब्यात मोजून मिसळलेले बरे. आता सिलिंडर काढून पाहा. पिस्टनवर नुसते ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपरने निभावेल. रिंग खाचेत अडकली असेल तर नवा पिस्टन आणावा लागेल. अशा वेळी आधी पिस्टन हातात घ्या आणि मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलट करू नका. भोसरीच्या लेथवाल्याला पोर्टच्या कडा किंचित गोल करून द्यायला आठवणीने सांगा. फोर-स्ट्रोकचीच कामे करणारा माणूस ते विसरतो आणि नवी रिंग धारदार कडेला अडकून तुटते.

प्रश्न : येझदीचा हेडलाइट मेणबत्तीसारखा लागतो. सहा व्होल्टचे सगळे काढून बारा व्होल्ट करून घ्यावे काय? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : त्याआधी शंभर-दीडशे रुपयांची तार खर्च करून पाहा. तेवढ्याच वॉटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे गंजलेल्या जोडावर दुप्पट व्होल्टही वाया जातात आणि ते आधीच निम्म्या असलेल्या व्होल्टमधून जातात. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक हेडलाइटच्या अर्थला (सांगाड्याकडे जाणाऱ्या परतीच्या जोडाला) आणि दुसरे बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर दोष रंगाचा आहे: पावडर कोटिंग केलेल्या सांगाड्यावर अर्थ लागत नाही. बॅटरीपासून इंजिन आणि हेडलाइटपर्यंत स्वतंत्र जाड तार ओढा. डायनामोचे कार्बन ब्रश झिजले नसतील तर बहुधा एवढ्यावर काम होते.

प्रश्न : आमची जावा १९७१ सालची आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी का? (एक वाचक, सातारा रस्ता)

उत्तर : पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क ठरवलेले आहे आणि ती दहा वर्षे चालते. पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. आपण रविवारी सकाळी मंडईत भाजीला जावावर जात असाल, तर नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांचे नूतनीकरणच बरे.

कोणताही मार्ग धरलात तरी आरटीओत चासी नंबरचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा पाहिला जातो. म्हणून सांगाडा सँडब्लास्टिंगला देण्याआधी त्या नंबरचा ठसा आणि फोटो स्वतः घेऊन ठेवा, नंबरावर जाड टेप लावून द्या, आणि पावडर कोटिंगवाल्याला टेप काढून तिथे हाताने पातळ रंग द्यायला सांगा. कोटिंगचा जाड थर एकदा त्या अक्षरांत भरला की तो टोकदार पत्रीने एकेक अक्षर उकरत काढावा लागतो.