खरेदीखत करून टाका, हरकतीचं मी बघतो!

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त आहोत, राहतो डोंबिवलीत. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत, डोंगरउतारावरचं जुनं कौलारू घर आणि भोवतालची 12 गुंठे जागा पसंत केली. विकणारे गृहस्थ चार भावंडांतले धाकटे. तोंडी वाटपात घर आणि कलमांची झाडं आपल्याकडे आल्याचं ते सांगतात. नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करून 6 लाख रुपये दिले. आता त्यांच्या मुंबईच्या दोन बहिणींनी वकिलामार्फत हरकत घेतली आहे. विकणारे म्हणतात, ‘खरेदीखत करून टाका, हरकतीचं मी बघतो.’ काय करावं?

उत्तर : खरेदीखत करू नका. निदान एवढ्यात तरी नाही.

तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्यावर सात नावं आहेत आणि पहिलं नाव विकणाऱ्यांच्या आजोबांचं आहे. म्हणजे वारसनोंदही पुरती झालेली नाही. कोकणात याचं नवल वाटायला नको. गणपतीला सगळे जमतात, कुठली खोली कुणाची हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, पण कागदावर सगळं सामाईक. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा विकणाऱ्यांच्या नावावर आहे, असं तुम्ही लिहिता. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

सहहिस्सेदाराला आपला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा विकता येतो, हे खरं. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 मध्ये एक मेख आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला घरच्यांसोबत ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो. आणि तुम्ही दावा लावलात की 1893 च्या विभाजन अधिनियमातलं कलम 4 पुढे येतं. कुटुंबातला हिस्सेदार कोर्टाला सांगू शकतो, ‘यांचा हिस्सा मीच घेतो.’ कोर्ट किंमत ठरवतं आणि तुम्हाला ती घेऊन बाहेर पडावं लागतं. उतारवयात समुद्र बघायला गेलेल्या माणसाने दिवाणी कोर्टाच्या तारखा बघत बसायचं, असा हा व्यवहार आहे.

‘बहिणींना लग्नात दिलंय’ असं विकणारे म्हणत असतील, तर त्या बोलण्याला कायद्यात किंमत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुली वारस आहेतच. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने त्या जन्मतः सहदायाद (मुलांइतक्याच हिस्सेदार) झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे पक्कं केलं आणि नुसतं तोंडी वाटप सहसा ग्राह्य धरू नये, असंही बजावलं. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं असेल तरच गोष्ट वेगळी.

दुसरा अडथळा तुमच्या बाजूचा. वाडीतली घरं बहुधा गावठाणाबाहेर असतात. जागा सातबाऱ्यावर शेतीची असेल, तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. पत्नीचं नाव माहेरच्या शेतजमिनीला वारस म्हणून लागलं आहे का, ते आधी विचारा. लागलं असेल तर त्यांच्या नावाने खरेदीचा मार्ग निघू शकतो. (माहेरचा हक्क असा कामी येतो. त्या दोघी बहिणी तोच तर मागताहेत!)

भरतीरेषेपासून जागा 500 मीटरच्या आत, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) येते का, हेही नकाशावर तपासून घ्या. किनाऱ्यालगतच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते, पण जोतं वाढवता येत नाही.

आता करायचं काय? सगळे वारस, बहिणींसकट, खरेदीखतात लिहून देणार (विक्रेते) म्हणून सही करायला तयार असतील तर व्यवहार पुढे न्या. तसं नसेल तर विकणाऱ्यांना सांगा : आधी वारसनोंद, मग नोंदणीकृत वाटणीपत्र, मोजणी आणि स्वतंत्र सातबारा, त्यानंतरच उरलेली रक्कम. मला विचाराल तर बहिणींना तुम्ही स्वतः एकदा भेटा. पुष्कळदा त्यांना घर नको असतं, न विचारता विकल्याचा राग असतो.

ते जमलं नाही तर 6 लाख परत मागणारी नोटीस आताच पाठवा. दिलेल्या रकमेपुरता विकणाऱ्यांच्या हिश्शावर तुमचा बोजा (वसुलीचा हक्क) राहतो. साठेखतात खरेदीची तारीख ठरली असेल तर पूर्ततेच्या दाव्याची (कराराप्रमाणे खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याची) 3 वर्षांची मुदत त्या तारखेपासून चालू होते, आणि रक्कम परत मिळावी ही पर्यायी मागणी त्याच दाव्यात घालायची असते. ती तारीख तुम्ही कळवलेली नाही. साठेखताची सर्व पानं पाठवा.