दहावीनंतर काय? आधी आजोबांचा दाखला काढा

सर, तुमची पोस्ट वाचली. नागभीडकडची शाळा, नववी-दहावीसाठी करिअरचा तक्ता करताय, पालक सभेला फिरकत नाहीत आणि पोट्टे विचारलं की 'पोलीस भरती' एवढंच म्हणतात. मीही झाडीपट्टीतच, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातच, माध्यमिकला शिकवतो, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटलं. आयटीआय, तंत्रनिकेतन, अकरावीच्या शाखा हे तुम्हाला येतंच, त्यात मी पडत नाही.

माझं मत विचाराल तर आपली पोरं कोर्स माहीत नाही म्हणून जेवढी अडकतात, त्याहून जास्त कागदापायी अडकतात.

आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी, भटक्या जमाती-ब मधली. एमएचटी-सीईटीला शासकीय इंजिनिअरिंगची सीट लागेल असे मार्क. जात पडताळणीचा (जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी, मिळवण्याचा) अर्ज अकरावीतच भरलेला. आजोबांच्या दाखल-खारीजमध्ये (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) 'ढिवर', वडिलांच्या टीसीवर 'भोई', हिच्या दाखल्यावर 'धीवर'. शासनाच्या यादीत ही तिन्ही नावं एकाच नोंदीत आहेत. तरी पडताळणीच्या त्या ऑफिसनं (नाव घेत नाही) त्रुटी काढली. बरं, काढली. पण कळवली ईमेलवर. अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्यानं मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही स्वतःचेच टाकलेले. पत्र पडून राहिलं त्याच्या मेलमध्ये, जाहिरातींच्या ढिगात. बाप तलावावरचं काम बुडवून खिडकीवर जायचा, तर उत्तर ठरलेलं: 'प्रोसेसमध्ये आहे.' फाइल उघडून 'बाबा, तुमची त्रुटी निघाली आहे' एवढं सांगायला कोणाचं काय जात होतं? कसंबसं कळलं, पूर्तता केली, तर दुसरी त्रुटी. जुन्या नोंदीची नक्कल साक्षांकित नाही म्हणे. दोन्ही एकदम सांगता आल्या नसत्या काय? पडताळणी अर्जाच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज चालला, पण व्हॅलिडिटी मुदतीत आली नाही म्हणून पोरगी खुल्या प्रवर्गात गेली आणि सीट हातची गेली. प्रमाणपत्र दिवाळीनंतर आलं. आता तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करते. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

म्हणून नववीतच एक तास कागदाचा ठेवा. पोरांना घरून वडिलांची टीसी आणायला सांगा. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथला दाखल-खारीज उतारा काढायला लावा. आजोबा शाळेतच गेले नसतील (आपल्याकडे बरेच गेले नाहीत) तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. तारखा फळ्यावर लिहून द्या: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. त्याआधीचा जातीचा पुरावा लागतो. वंशावळ पोरानं स्वतःच्या हातानं वहीत काढावी. ईमेल वर्गातच उघडून द्या आणि अर्जावर नंबर घरचाच टाकायचा, हे घोकून घ्या.

आणि नाव, जात, जन्मतारखेची चूक पोरगं शाळेत असेपर्यंतच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शाळा सुटली की फार जड जातं. दहावीची प्री-लिस्ट (बोर्डाची तपासायला येणारी नावांची कच्ची यादी) येते तीसुद्धा नुसती सही मारून परत करू नका, स्पेलिंग पोरांनाच वाचायला लावा.

मी वकील नाही, नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिकाच खरी माना.

आता कोर्सबद्दल थोडं, पटलं नाही तर सोडून द्या. 'कलेक्टर व्हा' छाप व्याख्याते बोलावू नका. तेवढ्या पैशात एसटी करून पोरांना सिंदेवाहीचं धान संशोधन केंद्र दाखवा, ब्रह्मपुरीच्या तंत्रनिकेतनाचं वर्कशॉप दाखवा. लेथवर लोखंड सोलताना एकदा पाहिलं की पोरं स्वतःहून विचारतात, इथं यायला काय लागतं? अकरावीत सायन्स घेणाऱ्यांना गणित सोडू देऊ नका. भीतीपोटी सोडतात आणि इंजिनिअरिंगचं दार बंद होतं. बीएस्सी ॲग्रीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ग्रुप चालतात, ते वेगळं.

ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती-भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या पोरांना नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेचं मोफत सीईटी प्रशिक्षण आहे, दहावीच्या निकालानंतर अर्ज निघतात. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) हवा. एजंट 'मॅनेजमेंटमधून करून देतो' म्हणतात तिथं ही माफी मिळत नाही. बापाला हे तुम्हीच सांगा, एजंट सांगणार नाही.

पालक सभेचं म्हणाल तर रोवणीत आणि कापणीत ठेवूच नका. आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजार उरकताना घेतो, माणसं येतात. वंशावळीचा कोरा नमुना माझ्याकडे आहे, हवा असेल तर सांगा, टाकतो.