संत्रा कोल्डमध्ये टाकायचाय? मग आधी तोडणी सुधारा

काटोल, नरखेड, कळमेश्वर, भिवापूर, नागपूर जिल्ह्याच्या चारी बाजूंनी शेतकऱ्यांच्या प्रश्नांत सध्या एकच विषय येतोय, कोल्ड स्टोरेज. म्हणून वेगवेगळं न लिहिता एकत्रच उत्तर देतो. बहार, ताण, खत-पाणी तुम्हाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

प्रश्न (काटोल): मृगाचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या बहाराचा) संत्रा झाडावर आहे, भाव पडलेत. महिना-दीड महिना कोल्डमध्ये ठेवून मे मधी काढायचा विचार आहे. कृषी केंद्रवाल्यानं तोडणीच्या आधी मारायला जिब्रेलिक आन् एक बुरशीनाशक दिलंय, म्हणे डोस डबल घ्या, फळ टिकते. मारू का जी?

उत्तर: नाही. डबल तर अजिबात नाही. जिब्रेलिक हे वाढीचं संजीवक, आपण वापरतो ते फळगळीसाठी, १०० लिटर पाण्याला दीड ग्रॅम, आणि त्याची वेळ वेगळी. तोडणी तोंडावर आली असताना तेच डबल करून मारलं तर रंग अडतो, साल हिरवटच राहते, आणि मग तोच दुकानदार रंग आणायला इथ्रेलची बाटली काढून देतो. म्हणजे रंग अडवायचे पैसे एकदा आणि रंग आणायचे पैसे परत एकदा, दोन्ही त्याच गल्ल्यात. बुरशीनाशकाचं पण तसंच, लेबलवर फवारणी ते तोडणी किती दिवसांचं अंतर लिहिलंय ते आधी वाचा, चार दिवसांवर तोडा आहे आणि आज पंप पाठीवर घेताय हे चालणार नाही. तोडलेलं फळ बुरशीनाशकाच्या टाक्यात बुडवून काढायचा सल्ला पण काही जण देतात, तो तर कानावर सुद्धा घेऊ नका, संत्रा सोलणारा माणूस त्याच हातानं फोड तोंडात टाकतो.

कोल्डमध्ये संत्रा सडतो तो बहुतेक वेळा कोल्डमुळं सडत नाही, बागेतून सडका-जखमीच आलेला असतो. हिरव्या बुरशीला सालीवर नखाएवढी जखम पुरते. आपल्याकडं मजूर फळ ओढून तोडतात, देठापाशी साल फाटते, मग टोपलीतून ढिगावर ओततात, ढिगातून गाडीत, गाडीतून नागपूरच्या कळमना बाजारात. अशा मालाला ६ डिग्री द्या नाहीतर १६, पंधरा दिवसांत वास येणारच.

म्हणून माझं दरवेळचं सांगणं तेच, कातरीनं तोडा. संत्रा तोडायची कातर मिळते, फार महाग नाही. देठ फळाला लागून बरोबरीनं कापा, बोंड शाबूत राहिलं पाहिजे पण देठाची काडी वर राहू देऊ नका, ती शेजारच्या फळाला टोचते. सकाळी दव असताना हात लावू नका, त्यावेळी साल पाण्यानं तट्ट फुगलेली असते, थोडं दाबलं की सालीतलं तेल फुटतं आणि तिथं दोन-तीन दिवसांनी तपकिरी डाग पडतो. दव वाळू द्या, दहा वाजू द्या. ओलित केलं असेल किंवा पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबा. मजूर म्हणतील की कातरीनं हात चालत नाही, रोज परवडत नाही, तर रोजात थोडी वाढ द्या पण कोल्डच्या मालाला कातरच. ठोक विकायचा माल आहे तो कसाही तोडा, तो तुमचा आणि व्यापाऱ्याचा प्रश्न.

तोडलेला माल झाडाच्या सावलीत कॅरेटमध्ये, उन्हात ढीग नाही. तिथंच निवड करा, डाग, मऊ, चुरी म्हणजे बारीक फळ, देठ उपटलेलं सगळं बाजूला. निवडलेलं त्याच दिवशी थंडीला गेलं पाहिजे. मार्चच्या दुपारी फळ आतून ३०-३५ डिग्री गरम असतं, तसंच गरम कॅरेट कोल्डच्या खोलीत रचून ठेवलं तर मधल्या फळाला गार व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर बुरशीचं काम झालेलं असतं. प्रीकूलिंग म्हणजे कॅरेटमधून जोरानं गार हवा ओढून काही तासांत फळ खाली आणणं. ज्या कोल्डवाल्याकडं प्रीकूलिंग नाही त्याला निदान एवढं तरी विचारा की एका खोलीत एका दिवशी किती माल घेतोस. क्षमतेच्या चार-पाच टक्क्यांवर रोज भरायचं नसतं. तो म्हणाला आणा, आजच सगळं भरून टाकू, तर दुसरा दरवाजा बघा.

तापमान ६ ते ७ डिग्री, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, हे अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेनं नागपुरी संत्र्यासाठी सांगितलेलं आहे. पाचच्या खाली गेलं की सालीला खड्डे पडतात, आणि गंमत अशी की ते आत असताना दिसत नाहीत, बाहेर काढल्यावर दोन दिवसांनी दिसतात, तोवर कोल्डवाल्यानं भाडं घेतलेलं असतं. जितकं थंड तितकं चांगलं, हे डोक्यातून काढा. ३० ते ४५ दिवस धरून चला, त्यापुढं ओढू नका. भाव अजून चढेल म्हणून थांबलेला माल शेवटी ज्यूसवाल्याला गेलेला मी भरपूर पाहिलाय.

मेणाचा थर द्यायचा तर पॅकहाऊसच्या, म्हणजे माल निवडून-धुऊन भरायच्या शेडमधल्या मशीनवर, खाद्य मेण, सांगितल्या प्रमाणात. घरी बादलीत ब्रशनं नको. थर जाड झाला की फळाला श्वास घेता येत नाही आणि फोडीला दारूसारखा वास येतो.

आंबियाचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या बहाराच्या संत्र्याचं, थोडक्यात. तो कोल्डमध्ये टिकायला मृगापेक्षा नाजूक, त्यात रंगासाठी इथिलीन दिलेला असेल तर देठकूज लवकर धरते. तो ठेवूच नका, विका. आणि रंगाचं निघालंच आहे तर कार्बाईडवर बंदी आहे, इथ्रेलच्या पाण्यात फळ बुडवणं पण नियमात बसत नाही, परवानगी आहे ती बंद खोलीत इथिलीन गॅसची, १०० पीपीएमच्या आत. दुकानदार काही म्हणो.

प्रश्न (कळमेश्वर): पेपरात येतं देशात एवढे लाख टन कोल्ड स्टोरेज, आपल्याले काऊन जागा भेटत नाही?

उत्तर: प्रश्न बरोबर आहे बाप्पा. देशात साडेआठ हजारांच्या आसपास कोल्ड स्टोरेज आहेत आणि क्षमता ३९० लाख टनांच्या वर जाते. आकडा मोठा वाटतो, पण त्यातला दीडशे लाख टनांच्या जवळपास एकट्या उत्तर प्रदेशात, त्याच्या खाली बंगाल, आणि तिथं भरलेलं काय तर बटाटा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरायचा, दिवाळीपर्यंत रिकामा करायचा. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला दहा-अकरा लाख टन. म्हणजे देशाचा एकूण आकडा वाचून कळमेश्वरच्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही, आग्र्याची बटाट्याची खोली तुमच्या संत्र्याच्या कामाची नाही.

आणि नागपूरच्या आजूबाजूला जी कोल्ड आहेत त्यात जास्त करून मिरची, चिंच, किराणा असा सुका माल. सुक्या मिरचीला हवा कोरडी लागते, ६०-६५ टक्के, संत्र्याला लागते ९० च्या वर. एकाच खोलीत दोन्ही ठेवले तर एक सुकणार नाहीतर दुसरी बुरसणार, मधला रस्ता नाही. कोल्डवाला जागा आहे म्हणाला तर जागा कुठल्या खोलीत आहे, शेजारी काय आहे आणि आर्द्रता किती हे स्वतः आत जाऊन बघा. मिरचीच्या खोलीतून काढलेला संत्रा वासानंच ओळखू येतो.

खरी टंचाई कुठं आहे ते २०१५ मध्येच मोजून झालंय. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्रासाठी नाबार्डच्या नॅबकॉन्स या सल्लागार कंपनीनं अभ्यास केला, त्यात कोल्ड स्टोरेज गरजेच्या ९० टक्के आधीच उभं होतं, ३५१ लाख टन लागतात आणि ३१८ लाख होते. पण पॅकहाऊस? लागतात ७०,०८० आणि होते फक्त २४९. रेफर म्हणजे माल गार ठेवून नेणाऱ्या गाड्या लागतात ६१,८२६, होत्या ९ हजारांच्या आसपास. आता हे आकडे पुढं सरकले असतील पण दुखणं तेच आहे. शेताजवळ निवड करायला, गार करायला सोय नाही आणि शहराजवळ मोठमोठ्या खोल्या.

प्रश्न (नरखेड, शेतकरी कंपनी): आम्ही ५००० टनाचं कोल्ड स्टोरेज टाकतोय. कन्सल्टंट म्हणतो ३५ टक्के सबसिडी फिक्स आहे, टन जास्त दाखवले की सबसिडी जास्त. अर्ज कुठं करायचा?

उत्तर: अर्जाचं शेवटी सांगतो, आधी हिशेब करा. कागदावर १ टन म्हणजे खोलीचं ३.४ घनमीटर, म्हणजे ५००० टनाला १७,००० घनमीटर. एवढं गार ठेवायचं, ते पण नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ असताना. वीजबिल संत्रा भरला की रिकामा, हे बघून येत नाही. तुमचा संत्रा त्या खोलीत राहणार दीड-दोन महिने, बाकीचे दहा महिने काय भरणार ते मला लिहून द्या. मिरची म्हणाल तर आर्द्रतेचं वर सांगितलंय, वेगळ्या खोल्या, वेगळी मशिनरी. बटाटा तुमच्याकडं होत नाही. कन्सल्टंटला याचं उत्तर विचारा, तो परत सबसिडीवरच येईल, कारण त्याची फी प्रोजेक्टच्या रकमेवर असते. कर्ज मात्र तुमच्या नावावर.

सबसिडी फिक्स नसते. बँकेचं कर्ज मंजूर होऊन, बांधकाम-तपासणी होऊन मग मागाहून खात्यात येते, तोवर व्याज चालू. नुसत्या सबसिडीसाठी फुगवलेल्या कोल्ड स्टोरेजचं पुढं काय होतं ते लग्नाच्या हॉलसारखं दिसतं, मोठी इमारत आणि बाहेर कुलूप.

माझा सल्ला, आधी पॅकहाऊस. शेड, निवड-धुणे-मेण लाईन, एक प्रीकूलिंग खोली आणि त्याला लागून वीस-तीस टनाच्या दोन लहान खोल्या. दोन हंगाम चालवा, माल कसा टिकतो, कोण घेतो ते कळू द्या, मग वाढवा. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क चढवत नेल्यापासून तिकडचा हुकमी माल अडलाय, आता दिल्ली, बंगळूर, हैदराबादच्या गिऱ्हाईकाला निवडलेला, एकसारखा, गार माल लागतो आणि तो पॅकहाऊसमधून निघतो, ५००० टनाच्या गोदामातून नाही.

योजना: एमआयडीएच म्हणजे एकात्मिक फलोत्पादन अभियान, पॅकहाऊस, प्रीकूलिंग, कोल्ड सगळं त्यात आहे, खर्चाचे दर मध्ये बदललेत, तालुका कृषी कार्यालयातून चालू दर घ्या, जुन्या पीडीएफवर जाऊ नका. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त ७ वर्षं. केंद्राच्या किसान संपदा योजनेमध्ये शीतसाखळी आहे पण एकटं कोल्ड स्टोरेज चालत नाही, पूर्ण साखळी दाखवावी लागते. मॅग्नेट या राज्याच्या फळ-भाजी प्रकल्पामध्ये संत्रा आहे, पणन मंडळाकडं विचारा. बस.

प्रश्न (भिवापूर): वाळलेली मिरची आठ-दहा महिने ठेवायची. व्यापारी म्हणतो पोत्यात भरताना हलकं पाणी मारा, तुटत नाही. कृषी केंद्रवाला म्हणतो घरीच ठेवा, सल्फासच्या गोळ्या टाका.

उत्तर: दोघांचंही ऐकू नका, दुसऱ्याचं तर बिलकूल नाही. सल्फासचा गॅस माणूस मारतो. घरात, झोपायच्या खोलीच्या बाजूला पोती आणि पोत्यात गोळ्या, हे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळणं. त्या गोळ्या वापरायचा अधिकार प्रशिक्षित, मान्यताप्राप्त माणसालाच आहे, शेतकऱ्याला सुट्या विकणं पण चुकीचं. दुकानात दिसल्या तर कळवा.

पाण्याचं, ते व्यापाऱ्याच्या वजनासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. ओलावा १०-११ टक्क्यांवर गेला की देठाकडून बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन होतं आणि एका पोत्यामुळं सगळा लॉट नाकारला जातो. मूठभर मिरची कानाजवळ हलवा, आतल्या बियांचा खुळखुळ आवाज आला पाहिजे, नाही आला तर अजून दोन ऊन द्या, ताडपत्रीवर, मातीवर नाही. मग स्वच्छ नव्या ज्यूट पोत्यात भरून कोल्डमध्ये, तिथं रंग टिकतो, घरी उन्हाळ्यात तो उडतो. काढताना पावसाळा असेल तर गार पोतं एकदम बाहेर आणून उघडू नका, घाम सुटतो. आधी बाहेरच्या बंद खोलीत दिवसभर राहू द्या, मग तोंड उघडा.

प्रश्न (सावनेर): टमाटे आन् कांदा संत्र्यासंगं ठेवले तर?

उत्तर: नाही. कच्च्या टमाट्याला ६ डिग्री सोसत नाही, नंतर पिकत नाही नीट. कांद्याला ओली हवा चालत नाही, कोंब आणि मुळ्या फुटतात, त्याला कांदाचाळच बरी. थोडाफार भाजीपाला दोन-चार दिवस धरायचा असेल तर विटा आणि वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा, वीज लागत नाही, दोन विटांच्या भिंतींमधली वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. फेब्रुवारी ते मे आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून तो झकास चालतो, पाऊस लागला की त्याच्यात काही दम राहत नाही.