बेळगावात भाड्याचं घर घेताना मालकाकडं काय काय बघून घ्यायचं?
डिपॉझिटचं बोलायच्या आधी बाथरूम बघा. शहापूर, टिळकवाडीकडं काही जुन्या घरांत गॅस गीझर आतच असतो आणि खिडकी कायम बंद, त्यात कार्बन मोनॉक्साईड साठतो, वास अजिबात येत नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, म्हणून गीझर बाहेर लावून द्या असं मालकाला स्पष्ट सांगा, ऐकत नसेल तर ते घर नकोच. मेन बोर्डात ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट आपोआप तोडणारा स्विच, आहे का बघा, टेस्टचं बटण दाबलं की लाईट गेली पाहिजे. हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) मागचं बिल, घरपट्टीची पावती मागा, घर कुणाच्या नावावर आहे कळतं. ॲग्रीमेंट बहुतेक 11 महिन्यांचंच करतात, कागद कन्नडमध्ये असेल तर सहीआधी कुणाकडनं तरी नीट वाचून घ्या.