हिवाळ्याआधी ट्रेलरच्या नळ्या आणि टाक्या
राहण्याची सोय असलेला, गाडीमागे जोडायचा ट्रेलर प्रथमच हिवाळाभर उभा ठेवणार असाल, तर लक्षात घ्या, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि नळीच्या वळणात राहिलेले वाटीभर पाणीही जोडणी फोडायला पुरेसे असते. म्हणून आधी स्वच्छ पाण्याची टाकी व खालचे निचऱ्याचे नळ मोकळे करा. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा आणि मगच त्याचे बूच काढा. मी एकदा घाई केली, तेव्हा कढत पाण्याची चिळकांडी थेट मनगटावर आली.

नंतर गिझरचा बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी गिझरला वळसा घालून नेणारी झडप, फिरवा, नाहीतर नळ्यांत भरायचे सारे अँटिफ्रीझ (गोठू न देणारा द्रव) गिझरच्याच पोटात जाईल. अँटिफ्रीझ पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठीचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचेच घ्या. रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, त्याला येथे अजिबात थारा देऊ नका. पंपाने प्रॉपिलीन ग्लायकॉलचे ते गुलाबी अँटिफ्रीझ ओढून घेत, प्रत्येक नळ गरम आणि थंड अशा दोन्ही बाजूंनी गुलाबी धार येईपर्यंत सोडा. शौचालयाचा फ्लश आणि बाहेरचा शॉवर हमखास विसरले जातात.

टाक्या रिकाम्या करताना आधी मैल्याची, मग सांडपाण्याची घ्या, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुऊन निघते. मैल्याची टाकी मात्र पुन्हा पुन्हा धुवा, कारण वाळलेला थर पुढे सहजी सुटत नाही. शेवटी प्रत्येक सिंकखालच्या वाकड्या नळीत कपभर आणि दोन्ही टाक्यांत थोडे अँटिफ्रीझ ओता, जेणेकरून झडपांपाशी उरलेले पाणी गोठणार नाही.