बारावीनंतर बी.एस्सी. अ‍ॅग्री घेऊ की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग? पुढं नोकरी कशात आहे?

तू लिहिलंयस की काका म्हणतात, "शेती शिकायला डिग्री कशाला?" हेच वाक्य आमच्या घरात माझ्या चुलत्यांनी मला ऐकवलं होतं, म्हणून लिहितेय.

खरीप 2020. मी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला होते, लॉकडाऊनमुळे गावी, परभणी जिल्ह्यात. पेरणीआधी चुलत्यांना म्हटलं, सोयाबीनची उगवण तपासू. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. सत्तर तरी यायला पाहिजेत. खर्च शून्य. ते म्हणाले, "कंपनीची सीलबंद बॅग हाय, तिला काय तपासतीस? आम्ही काय आज पेरायलोत का?"

पेरलं. पाऊस चांगला होता, तरी निम्म्या ओळींत नुसती माती. दुकानदार म्हणाला, तुम्ही खोल पेरलं. एक बॅग शिल्लक होती, ती मी तपासली: शंभरात 54. फेकलेले टॅग आणि पावत्या गोळा केल्या, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार दिली, पंचनामा झाला. त्या वर्षी मराठवाडाभर अशा तक्रारी होत्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आम्हाला भरपाई नाही मिळाली, बॅगा बदलून मिळाल्या. दुबार पेरणीचा खर्च अंगावरच पडला. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. मळणी यंत्र जोरात फिरलं किंवा पोती उंच थप्पीला लागली की आतला अंकुर मरतो. वरून दाणा टपोरा दिसतो, नजरेला कळत नाही. चुलते आजही म्हणतात, "ते आम्हालाबी ठावं होतं." ठाऊक होतं तर पेरलं कशाला?

आता मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये हेच उगवण तपासायचं काम करते. महिको ही बियाणे कंपनी 1964 साली तिथंच सुरू झाली, आणि आज त्या गावात बियाण्यांच्या बऱ्याच कंपन्या आहेत. नोकरी म्हणशील तर बियाणं, खतं, औषधं, बँकेतली कृषी अधिकाऱ्याची पदं, आणि कृषी केंद्राचा परवाना काढून स्वतःचं दुकान. अ‍ॅग्री करून पुण्यात खोली घेऊन वर्षानुवर्षं फक्त एमपीएससी करणारी पोरं बघून लोक डिग्रीला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. त्यांनी लॅबचं, शेताचं काम मागितलंच नाही.

कॉम्प्युटरबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. गणित आवडत असेल, कोड लिहिताना वेळ कळत नसेल तर खुशाल घे. पण शेजाऱ्याच्या पोराला पॅकेज मिळालं म्हणून घेऊ नकोस.

एक राहिलं. अ‍ॅग्रीत सुरुवातीचा पगार कमी असतो आणि फिरतीची नोकरी असेल तर उन्हातान्हात गावं पालथी घालावी लागतात. सगळी कॉलेजं सारखीही नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं स्वतःचं घटक महाविद्यालय मिळालं तर डोळे झाकून घे. खासगी असेल तर प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांचे पर्याय भरण्याआधी जाऊन बघ: प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची शेती, किती एकर, त्यात आत्ता काय उभं आहे, लॅबमधली उपकरणं वापरात आहेत की कपाटात. आणि जाताना काकांना सोबत ने. पीक बघून कॉलेज कसं चाललंय ते त्यांना तुझ्यापेक्षा लवकर कळेल.